गच्चीवरची जाळी

उचगावच्या आमच्या घराची गच्ची वडील दर मे महिन्यात साफ करायचे. पाणी जायच्या पाइपावरची जाळी काढून पाचोळा खुरप्यानं खरवडायचे, भेगांत सिमेंट भरायचे. ते गेले त्याच्या पुढच्या मे महिन्यात, भर दुपारी, आई भाकरी थापताना थबकली.

"वर कोण खरवडतंय रं?"

आवाज मलाही येत होता. मी जिना चढून गेलो. गच्चीवर कुणी नव्हतं. जाळी पाचोळ्यानं गच्च भरली होती. मी ती मोकळी केली, भेगा बुजवल्या. त्या पावसाळ्यात छत कुठंच गळलं नाही.

"ह्यांनी आठवण केली म्हणून," आई म्हणाली, "न्हायतर ऱ्हायलंच असतं की."

आता मे लागला की मी आपणहून वर जातो. तरी शेवटच्या पायरीवर थांबून आधी कानोसा घेतो.