तेवीस इंचांची सीट

गाडी घ्यायची असं ठरलं, तेव्हा कारापूरच्या शेवंतीने सगळ्यात आधी शिवणाची टेप पर्समध्ये टाकली. शोरूममध्ये पोरगे तिला मायलेज सांगायचे, टचस्क्रीन दाखवायचे. ती ऐकून घ्यायची आणि मग दार उघडून, वाकून, जमिनीपासून सीटपर्यंत टेप धरायची. तिला हवे होते तेवीस इंच. एखादा इंच इकडेतिकडे चालला असता, जास्त नाही.

हा आकडा तिच्या नवऱ्याचा होता. सदाशिवने बावीस वर्षं डिचोलीच्या खाणींवर खनिज वाहणारा टिपर ट्रक चालवला. दोन वर्षांपूर्वी एका सकाळी दात घासताना तो न्हाणीत कोसळला आणि उजवी बाजू गेली. बोलणं हळूहळू परत आलं, पाय काठीपुरता आला, उजवा हात मात्र मांडीवर पडून राहायचा. म्हापशाच्या व्यायाम शिकवणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी घरातल्या एका खुर्चीखाली लाकडी ठोकळे लावायला सांगितले होते. तेवीस इंचांवरून तो डाव्या हाताने आधार घेत एकटा उठायचा. त्याहून खाली बसला की दोघांनी उचलावं लागायचं, आणि तेच त्याला सहन होत नव्हतं.

आठवड्यातून तीनदा म्हापसा. कधी रिक्षा, कधी शेजाऱ्याची गाडी, कधी भाड्याची. प्रत्येक ड्रायव्हर काखेत हात घालून त्याला ओढायचा आणि सदाशिव मान वळवायचा. पुढेपुढे तो म्हणू लागला, "आज नको. उद्या जावया." उद्याचं परवा व्हायला लागलं, तेव्हा शेवंतीने मनाशी काहीतरी ठरवलं.

ती बायकांच्या बचत गटातून शाळांना पाव-भाजी पुरवायची. अकरापर्यंत भांडी शाळांत पोचली की ती मोकळी. एक्कावन्नाव्या वर्षी तिने डिचोलीच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घातलं. पहिल्यांदा साखळी गावापर्यंत गाडी चालवून आली, तेव्हा घरी येऊन नवऱ्याला म्हणाली, "आज मी बाजारातसून गाडी काढलंय." सदाशिवने टीव्हीचा आवाज वाढवला. तिला वाईट वाटलं; पण लायसन हातात आलं त्या दिवशी तिने ते त्याच्या समोरच्या टेबलावर ठेवलं आणि चहा टाकायला गेली. परत आली तेव्हा ते कार्ड त्याच्या डाव्या हातात होतं.

मुलगी सेजल वेर्ण्याला कंपनीत होती, रविवारी घरी यायची. तिचं ठाम मत : नवी गाडी, ऑटोमॅटिक, उंच.

"गियरची कटकट कित्याक, आई? हप्ते मी बघतंय."

उंच गाडी अठ्ठावीस इंच भरली. सदाशिवला त्यात चढवायला पाट ठेवावा लागला असता. लांबोडकी, ऐटदार गाडी वीस भरली. तीत बसलेला माणूस खड्ड्यात बसल्यासारखा दिसायचा. सेजल थकली. "आई, टेप घेऊन कोण गाडी घेता?"

"मी घेतंय," शेवंती म्हणाली.

मग कोणीतरी म्हापशाच्या बाहेर जुन्या गाड्या विकणाऱ्याचा पत्ता दिला. तिघं भाड्याच्या गाडीने तिथे गेली. एक लाल गाडी उभी होती, उंच टपाची, आतून नवीकोरी. टेप धरली. बरोब्बर तेवीस. शेवंतीचा जीव भांड्यात पडला. किंमतही त्यांना झेपेल अशी. सेजल फोनवर फोटो काढायला लागली, विकणारा कागद आणायला आत गेला. सदाशिव दार उघडून सीटवर बसला. कोणाचा हात न लागता बसला, हे बघून शेवंतीचे डोळे भरून आले.

तो आत मान फिरवून बघत होता. नाकाने वास घेतल्यासारखं करत होता. मग म्हणाला, "बेल्ट ओढ."

"काय?"

"बेल्ट. पुरो ओढ. मुळापर्यंत."

शेवंतीने सीटचा पट्टा ओढत ओढत शेवटापर्यंत काढला. शेवटच्या हातभर भागावर सुकलेल्या चिखलाची तांबडी रेघ होती.

"ही पाण्यात गेल्ली गाडी," सदाशिव म्हणाला. "पुराच्या. वरसून धुतली, मॅट बदलली. हय कोण धुयत नाय." त्याने डाव्या पायाने सीटखालचा बोल्ट दाखवला. गंजून लाल झालेला. "सहा म्हयन्यांत वायरिंग जातला."

दोन वर्षांत त्याने एका दमात इतकी वाक्यं उच्चारली नव्हती. विकणारा कागद घेऊन आला, तेव्हा तो ताठ बसून म्हणाला, "नको आमका," आणि काठी टेकून स्वतःच उतरला. घरी येईपर्यंत तो सेजलला खाणीवरच्या टिपरांबद्दल सांगत होता. शेवंती मागे बसून ऐकत होती. गाडी न घेता परतलेली माणसं इतकी खुशीत असतात, हे तिला नवीनच होतं.

पुढच्या आठवड्यात डॉक्टरीणबाईंच्याच दवाखान्यात चोपड्याचे गोकुळदास मास्तर भेटले. गुडघ्यासाठी यायचे. डोळ्यांनी दगा दिल्यामुळे गाडी विकायची होती त्यांना. करडी, छोटी, उंच टपाची, आठ वर्षांची, गियरची.

चोपड्याला नदीकाठी मास्तरांच्या माडांखाली ती उभी होती. शेवंतीने टेप धरली : साडेबावीस. सदाशिव बसला, उठला, परत बसला. त्याने शेवंतीकडून बॉनेट उघडून घेतलं, इंजिन चालू करायला लावलं, डोळे मिटून ऐकलं.

"चालवून बघा की," मास्तर म्हणाले.

सेजल मागे बसली. शेवंती शिवोलीच्या पुलाकडे निघाली. हात घामेजले होते. पुलाच्या चढावर समोरची बस थांबली, तिने ब्रेक दाबला आणि गाडी बंद पडली. मागून हॉर्नवर हॉर्न. ती घाबरली. चालू केली, पुन्हा बंद.

"आई, म्हणून मी ऑटोमॅटिक म्हणी होतंय—"

"गप रव," सदाशिव मुलीला म्हणाला. मग शेवंतीला, "घाय करू नको. तेंका वाजवंदे. क्लच पुरो दाब."

तिने दाबला. तिने डावा हात गियरच्या दांड्यावर ठेवला. तिच्या हातावर काहीतरी येऊन पडलं. सदाशिवचा उजवा हात. मांडीवरून त्याने तो कसा आणला कोण जाणे. बोटं धड मिटलेलीही नव्हती. पण वजन होतं त्याला. त्या वजनाने दांडा पहिल्या गियरमध्ये गेला.

"आता सोड. हळू. हळू... चल."

गाडी चढ चढली. पूल ओलांडला. मग मागून सेजलने नाक ओढल्याचा आवाज आला. "हीच घेवया," ती म्हणाली.

डॉक्टरीणबाईंना हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "रोज करू दे त्यांना ते." तसंच झालं. कारापूर ते म्हापसा प्रत्येक गियर दोघांच्या हातांनी पडायचा. चार महिन्यांनी सदाशिवची बोटं दांड्याभोवती मिटायला लागली. व्यायामाचा एक दिवसही चुकला नाही. लाल गाडीची हकिगत गावात पसरली आणि जुनी गाडी घेणारे लोक आधी सदाशिवला विचारायला येऊ लागले.

गेल्या रविवारी कोरगावच्या देवेशने बोलावलं. त्याला काजूच्या बागेसाठी पिकअप घ्यायची होती. सदाशिवने काठी टेकत गाडीला पुरती फेरी मारली, तासभर तपासली आणि म्हणाला, "बरी आसा. टायर बदलून मागून घे." देवेशच्या आईने पिशवीभर काजू दिले. परतताना शेवंतीने अरुंद पाणंदीतून गाडी एका दमात मागे घेऊन रस्त्याला लावली. नेहमीचं "हळू, हळू" ऐकू आलं नाही म्हणून तिने बाजूला पाहिलं.

सदाशिव झोपला होता. तोंड किंचित उघडं, मान खिडकीकडे. तिने रेडिओ बारीक केला. वाटेतलं अस्नोडा येईपर्यंत गियर ती एकटीच टाकत राहिली; त्याला जाग आली नाही.