एन.के. पाहून घेतील

सरकारी दवाखान्यात गोळ्या संपतात, कापूस संपतो, डेटॉल तर यायच्या आधीच संपलेलं असतं. किस्से मात्र संपत नाहीत. ते कोणी मागवलेले नसतात, कोणी न्यायलाही येत नाही, नुसते साठत जातात. मी ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला सौंसर तहसिलीतल्या एका लहानशा दवाखान्यात रक्त तपासायला होतो. दिवसभर मायक्रोस्कोपवर वाकून अशी सवय लागली होती की घरी जेवतानाही एक डोळा मिटून ताटाकडे पाहायचो. बायको म्हणायची, "वरणात जंतू शोधून राहिले काय?"

आमचं चार माणसांचं राज्य. डॉक्टर साहेब, सिस्टर, मी आणि ड्रेसर नत्थू कवडू. हाजिरीच्या रजिस्टरात त्याचं नाव 'एन.के.' लिहिलेलं, म्हणून अख्खं गाव त्याला एन.के.च म्हणायचं. मलमपट्टी, टाके, झाडू, पाणी भरणं, सगळं त्याच्याकडे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्याला गोटमारीत, म्हणजे दगडफेकीच्या जत्रेत, डोकी फुटली की तिकडची ड्यूटीही त्यालाच. पन्नाशीचा माणूस, चपला ओढत चालायचा. तो येतोय हे दिसायच्या आधी ऐकू यायचं.

*

डॉक्टर साहेब पांढुर्ण्याच्या कापड दुकानवाल्या घरातले, तिशीतले. एकदा नागपूरला आठ दिवसांच्या ट्रेनिंगला गेले आणि वेगळेच होऊन परत आले. चहाच्या वेळी आम्हाला समोर बसवलं.

"रक्तातल्या पांढऱ्या पेशी तुम्हाला माहीत आहेत. त्यातल्याच काहींबद्दल आता नवीन कळून राहिलं आहे. बाकीच्यांना व्हायरस ओळखायला आधी शिकावं लागतं, त्यात आठवडा जातो. ह्यांना शिकवावं लागत नाही. सुरुवातीपासूनच कामाला लागतात. अंगातल्या एकेका पेशीजवळ जाऊन तपासतात आणि जिच्यात व्हायरस घुसला, ती पेशीच मारून टाकतात. व्हायरसला वाढायला घरच उरत नाही. बाकीची फौज तयार होईपर्यंत खिंड ह्याच लढवतात!"

सिस्टर म्हणाल्या, "नाव काय त्यांचं?"

"नॅचरल किलर. थोडक्यात, एन.के.!"

दाराशी पोछा मारणारा एन.के. जागच्या जागी थांबला.

"सायेब, म्या काय केलं?"

*

त्या काळी आमच्याकडे ताप म्हणजे सुई. बसस्टँडजवळ एक सुईवाला बसायचा. डिग्री कसली होती ते त्यालाही सांगता आलं नसतं. कोणताही ताप असो, लाल रंगाची एक सुई. लोक खुश.

साहेबांनी ठरवलं, आपल्याकडे हे बंद. रक्ताच्या काचपट्टीवर मलेरिया नाही, छाती साफ, कान-घसा साफ, म्हणजे ताप व्हायरसचा. त्याला तापाची गोळी, भरपूर पाणी, आराम आणि रोज येऊन दाखवणं. सुई नाही.

"लोक ऐकणार नाहीत, साहेब," मी म्हणालो.

"एक पावसाळा पाहतो. एका जरी घरानं सुईशिवाय ताप काढून दाखवला तरी मला पुरे. नाही तर मीही सुई हातात घेतो आणि जन्मभर गप बसतो."

एक घर! आम्हाला वाटलं, ही काय मोठी गोष्ट आहे. आषाढ गेला, श्रावण गेला, ते घर काही मिळेना. लोक आमच्याकडून गोळी घ्यायचे आणि बसस्टँडवर जाऊन सुई घ्यायचे. बरे झाले की श्रेय लाल सुईला.

*

मोहगावकडचा एक कापूसवाला आला. अंग तव्यासारखं तापलेलं. साहेबांनी त्याला सगळं समजावलं. तुमच्या अंगातच लढणारे आहेत, एन.के. त्यांचं नाव, ते पाहून घेतील.

"मंग ताप काहून हाये?"

"त्यांची लढाई चालू आहे, म्हणूनच ताप आहे."

त्याला पटलं. मग म्हणाला, "तं मंग सायेब, त्यायलेच एक सुई मारा ना. थोडी ताकद येईन बिचाऱ्यायले!"

*

त्याच आठवड्यात एक संत्रावाला आला. शांत माणूस. साहेबांचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "समजलं. आम्ही बगीच्यात सल काढतो, तसंच हाये हे. वायलेली फांदी ठेवली तं रोग साऱ्या झाडात जाते. म्हणून आपलंच झाड आपणच छाटतो."

साहेब खुर्चीतून उठलेच. मला हाक मारली, सिस्टरला बोलावलं. "ऐका, ऐका हे काय म्हणून राहिले! नागपूरच्या प्रोफेसरलाही इतकं सोपं सांगता आलं नव्हतं!"

संत्रावाला लाजला. मग त्यानं बाही वर केली आणि दंड पुढे केला.

"हं. आता द्या सुई."

*

माझ्या वाट्याला वेगळाच त्रास. पट्टी निगेटिव्ह आली की लोकांचं तोंड उतरायचं. मलेरिया निघाला तर निदान काहीतरी निघालं असं वाटायचं. एका गुरुजींना म्हणालो, "गुरुजी, काही नाही निघालं."

"म्हणजे? बोट टोचलं, रक्त घेतलं, दोन घंटे बसवलं, अन् काहीच नाही?"

"नाही, गुरुजी. चांगलंच आहे ना!"

"नीट पाहा ना, भाऊ. असंनच काहीतरी."

मी पुन्हा पाहिलं. काही नव्हतं. जाताना ते बायकोला म्हणाले, मला ऐकू येईल असं, "सरकारी डोये. त्यायले काय दिसन!"

त्या दिवशी सकाळपासून पट्ट्या पाहून पाहून डोळ्यांतून पाणी येत होतं. ते वाक्य मला लागलं. अजूनही लागतं.

*

एक म्हातारबुवा पाच दिवसांनी स्वतःहून सांगायला आले, ताप उतरला म्हणून. साहेबांचे डोळे चमकले.

"सुई घेतली होती का?"

"नाही."

"नक्की?"

"अजी, शपथ! जामसांवलीले गेलो, मारोतीच्या पुढे बसलो, अन् सांगितलं, आता तूच पाह्य."

साहेबांनी त्यांना बसवलं, पाणी दिलं. मग प्रेमानं समजावलं की बाबा, पाच दिवसांत हे तुमच्या रक्तातल्या एन.के.नं आणि मागून आलेल्या फौजेनं केलं. म्हातारबुवांनी मान हलवत सगळं ऐकलं.

"एकच हाये ते. तुम्ही एन.के. म्हणता, आम्ही मारोती म्हणतो. काम झालं ना?"

साहेब मला म्हणाले, "हे घर धरायचं का आपण?"

मी म्हणालो, "धरलं तर मारोती रागावेल, साहेब." नाही धरलं.

*

मग साहेब स्वतःच तापले. तोच ताप. मी पट्टी पाहिली, निगेटिव्ह. आमच्या मनात आलं, आता कळेल!

निरोप गेला आणि पांढुर्ण्याहून त्यांची आई आली. आल्या आल्या सिस्टरला म्हणाली, "बाई, ह्याले सुई द्या."

साहेब पलंगावरून म्हणाले, "आई, सुई नाही घ्यायची. माझ्या अंगात..."

"तुह्या अंगात काय हाये ते मले नको सांगू. म्याच दिलं ते तुले!"

साहेबांनी भिंतीकडे तोंड केलं. तरी त्यांनी सुई घेतली नाही. चार दिवस कण्हत पडून राहिले, चौथ्या दिवशी घाम येऊन ताप उतरला. आम्ही तिघंही त्यांच्याकडे पाहत होतो. हे घर धरता आलं असतं.

आई म्हणाली, "काल मीठ-मिरच्या उतरवल्या, म्हणून उतरला."

*

तिकडे खऱ्या एन.के.चे हाल सुरू झाले होते. साहेब प्रत्येकाला म्हणायचे, "एन.के. पाहून घेतील." लोक बाहेर येऊन त्यालाच धरायचे.

"तुमीच पाहून घेता म्हणते डॉक्टर. मंग चला ना!"

तो म्हणायचा, "म्या नाही, बाप्पा. तो दुसरा एन.के. आतमधला." लोक आत डोकावून पाहायचे. आत मी बसलेलो!

शेवटी तो साहेबांपुढे हात जोडून उभा राहिला. "सायेब, त्यायचं नाव बदलवा. नाही तं माह्यं बदलवा."

*

भादवा संपत आला तेव्हा छिंदवाड्याहून, जिल्ह्याच्या ऑफिसातून, कागद आला. सुया जशाच्या तशा शिल्लक आहेत, याचा अर्थ दवाखान्यात काम होत नाही, स्पष्टीकरण द्यावं. साहेबांनी कागद दोनदा वाचला, घडी घालून खिशात ठेवला आणि सिस्टरला म्हणाले, "उद्यापासून सुया उकळत ठेवा."

थकलो होतो आम्ही. लोकांना समजावण्यात माणूस जितका थकतो, तितका ओझं वाहून थकत नाही. साहेबांच्या चेहऱ्याकडे मला पाहवलं नाही.

तितक्यात एक बुढी नातीला कडेवर घेऊन आली. पोरगी सहा-सात वर्षांची, तापानं ग्लानीत. मी पट्टी पाहिली, निगेटिव्ह. साहेबांनी छाती, कान, घसा, मान, सगळं तपासलं. व्हायरसच. त्यांनी सिस्टरकडे पाहिलं. सिस्टर सुई आणायला उठल्या.

"सुई नको," बुढी म्हणाली.

साहेबांना वाटलं, ऐकण्यात चूक झाली.

"सुई नको म्हणून राहिली मी. तुमीच साऱ्यायले सांगता ना, एन.के. पाहून घेते? तं मंग एन.के.ले माह्या घरी पाठवा."

साहेबांनी समजावायला तोंड उघडलं. दाराशी एन.के. पोछा पिळत उभा होता. साहेबांनी त्याच्याकडे पाहिलं आणि तोंड मिटलं.

"जाशील का रे?"

"अन् इथलं?"

"इथलं आम्ही पाहतो."

एन.के. गेला. चार दिवस दवाखान्यात झाडू सिस्टरनं मारला, पाणी मी भरलं, जखमा साहेबांनी धुतल्या. रोज संध्याकाळी साहेब स्वतः जाऊन पोरीला तपासून यायचे. येऊन सांगायचे, "बसला आहे." एवढंच. तो कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवायचा, चमच्यानं पाणी पाजायचा, वेळेवर गोळी द्यायचा, पेज भरवायचा. तिसऱ्या दिवशी ताप खूप चढला, तेव्हा पोरीचा काका सुईवाल्याला घेऊन दारात आला. बुढी घाबरून एन.के.कडे पाहायला लागली. एन.के. उठून उंबऱ्यात उभा राहिला.

"डॉक्टर सायेब आत्ताच पाहून गेले. सुई बाहेरच ठेवा."

पाचव्या दिवशी सकाळी चपलांचा आवाज आला. साहेब नेमके त्या कागदाचं उत्तर लिहीत बसले होते. त्यांनी पेन खाली ठेवला.

"उतरला, सायेब. पोट्टी भाकर मागून राहिली."

साहेब खिडकीकडे तोंड करून उभे राहिले आणि चष्मा पुसत राहिले. सिस्टरनंच एन.के.ला चहा दिला. त्यानं कप हातात धरला, चहा प्यायला नाही.

"सायेब, सारी गल्ली माह्या पाया पडून राहिली. मले लाज वाटते. म्या तं नुसता बसून होतो. ज्यायनं केलं, ते मले एकदा दाखवा तरी."

"तुझ्याही रक्तात आहेत ते," म्हणत साहेबांनी मला खूण केली. मी त्याचं बोट टोचलं, काचेवर थेंब पसरवला, वाळवला, रंग दिला. मग शोधत बसलो. तांबड्या पेशींची नुसती गर्दी. अर्ध्या तासानं हवी ती पांढरी पेशी सापडली. मोठी, रंगानं फिकट निळी झालेली, आत बारीक दाणे. नागपूरच्या ट्रेनिंगमधून साहेबांनी आणलेल्या कागदावर चित्र होतं तशीच. साहेबांनी डोळा लावून पाहिलं, मान हलवली आणि एन.के.साठी स्टूल सरकवला.

आधी त्याला आपल्याच पापण्या दिसल्या. मी चाक थोडं फिरवलं. मग त्याला दिसलं. त्यानं श्वास रोखला.

खूप वेळ तो पाहत राहिला. बाहेर पेशंट जमले होते, कोणीतरी हाक मारत होतं. डोळा न काढता तो हळूच म्हणाला,

"हा बी एकटाच ड्यूटीवर हाये काय, सायेब?"