माळ्यावरचा सर्व्हर

अंधेरीच्या आमच्या ऑफिसातली सर्व्हरची खोली बंद करायचं ठरलं, तेव्हा साहेब म्हणाले, "आता सगळं इंटरनेटवरच्या भाड्याच्या यंत्रांवर. जे शिकतील ते राहतील." शिकवणार कोण, ते नाही सांगितलं. स्वतःच्या वेळात, स्वतःच्या खर्चानं शिका आणि स्वतःचीच नोकरी वाचवा. याला अन्याय म्हणायलाही ऑफिसात कुणी तयार नव्हतं. मी चिडले आणि शिकायला बसले. घर माझ्या एकटीच्या पगारावर चालतं.

सरावासाठी यंत्र भाड्यानं मिळालं असतं. पण कामाचं साधन कामगाराच्या मालकीचं हवं, हे मी बाबांच्या युनियनच्या पत्रकांत वाचत वाढले. ऑफिसांतून निघालेले मोठे सर्व्हर स्वस्तात मिळत होते, पण त्यांचे पंखे मिक्सरसारखे ओरडतात. म्हणून एक जुना, बुटका कॉम्प्युटर निवडला. त्यात मेमरी वाढवता येणार होती, दोन हार्ड डिस्क बसणार होत्या.

ठेवायचा कुठे? मुलुंडच्या आमच्या दोन खोल्यांत मोकळी जागाच नाही. पोटमाळा होता, लाकडी दारांचा. निम्म्यात पाहुण्यांच्या गाद्या, निम्म्यात पत्रकांचे गठ्ठे. बाबा कारकून होते. त्यांच्या ऑफिसात कॉम्प्युटर आले तेव्हा युनियननं विरोध केला, आणि ती पत्रकं बाबांनी लिहिली. यंत्र येईल, माणूस जाईल. अक्षरं मी त्यांवरच गिरवली.

"काढ ते सगळं," बाबा म्हणाले.

"बाबा, तुमचं आयुष्य आहे त्यात."

"रद्दी आहे गं. कॉम्प्युटर आलाच ना शेवटी? आणि आता तूच आणतेयस, तोही माझ्या डोक्यावर! आमचे युनियनवाले असते तर घेराव घातला असता तुला."

आम्ही दोघं हसलो. रद्दीवाला आला तेव्हा मात्र बाबा आंघोळीला गेले आणि तो जाईपर्यंत बाहेर आले नाहीत.

यंत्र माळ्यावर चढलं. दुपार झाली की आपोआप बंद पडायचं. हात लावला तर तापलेल्या तव्यासारखं. मेमरी, डिस्क, वायरची लांबी, सगळ्याचा विचार केला होता, हवेचा नव्हता. दर मे महिन्यात त्याच माळ्यावरून गाद्या काढताना मी घामानं निथळते, तरी सुचलं नाही.

बाबांनी खिडकीतली आपली खुर्ची भिंतीकडे ओढली. "हवा इथंच येते. ठेव." माळा रिकामाच राहिला. पत्रकं उगाच गेली, हे दोघांनाही कळलं होतं.

एका रविवारी सराव म्हणून मी चालू यंत्रातली एक डिस्क उपसून काढली. बाबा दचकले.

"अगं, वाट लागेल ना!"

"नाही लागत. दोन्हींवर तेच लिहिलेलं असतं. एक गेली तरी दुसरीवर राहतं."

त्यांनी डिस्क माझ्या हातातून घेऊन उलटसुलट करून पाहिली.

"आम्हाला नाही सुचलं," म्हणाले. "पत्रकं वाटून उरली तेवढीच एका जागी ठेवली होती आम्ही."

मी डिस्क परत आत सरकवली. हिरवा दिवा लुकलुकू लागला. नोकरीत कोण राहणार, साहेबांनी अजून कुणाचंही नाव पक्कं केलेलं नाही.