सुरी हलवायची नाही

आज सुरीच्या लाकडी मुठीला जवसाचं तेल लावलं आणि त्या वासाने मी ऑस्ट्रेलियातल्या वॉलॉंगॉंगजवळच्या त्या भिजलेल्या कॅम्पवर पोचले. शेकोटी पेटेना. निखिलने, माझ्या नवऱ्याने, हौसेने घेतलेल्या याच स्वीडिश सुरीने ढलप्या काढून पाहिल्या, पण त्या तुटत होत्या. मुलं कुडकुडत होती.

"चला, घरी जाऊ," तो म्हणाला.

मी सुरी गुडघ्याशी घट्ट धरली आणि लाकूडच पात्यावरून ओढलं.

"अगं, सुरी हलव ना."

"विळी कधी हलते का?"

आतल्या कोरड्या लाकडाच्या कुरळ्या ढलप्या निघाल्या, काडी लावताच भडकल्या. तेव्हा हात गारठले होते. आज आठवतो तो फक्त माझा तोरा.

शेजारच्या तंबूतल्या आजोबांनी विचारलं, "स्वीडनची पद्धत का?"

"नो, मेट," मी म्हटलं, "सांगलीची."