पहिलं बोट

आमची एचआयव्ही तपासणीची गाडी महिन्यातून एकदा परभणीतल्या त्या वस्तीत जाते. मी माईकवरून कितीही ओरडलो तरी धंदा करणाऱ्या बायका दारातूनच बघतात. मग ती येते. साठीला टेकलेली, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. तिचं नाव माझ्या रजिस्टरात आहे, पण ते सांगायचं नाही हा आमचा नियम. खुर्ची ओढून बसते, पदरानं बोट पुसून माझ्यापुढं धरते. सुई टोचली की मोठ्यानं हसते, आणि मागं रांग लागते.

खरं तर तिला हा आजार असल्याचं पंधरा वर्षांपूर्वीच कळलंय. गोळ्या चालू आहेत, तब्येत ठणठणीत. म्हणून तिचा थेंब मी तपासत नाही, गुपचूप कापसानं टिपून टाकतो.

एकदा हळूच विचारलं, "मावशी, उगं कशाला टोचून घेता?"

"सर, माझ्या वक्ताला पयलं कुणी बसलंच न्हाई. मंग मी बी बसले न्हाई. लय उशीर झाला."

परवा मात्र गाडी थांबताच नवी आलेली एक बाई आपणहून खुर्चीवर बसली. तिच्यामागून मावशीनं सवयीनं बोट पुढं केलं.

"आज राहू द्या," मी म्हणालो.

तिनं बोट पदरात झाकलं आणि रांगेकडं बघत हसत उभी राहिली.