उस्तादाच्या गाडीत मीटर

आमच्या ह्यांना ऐकू येईनासं झालंय हे पडावात, आमच्या ट्रकवाल्यांच्या अड्ड्यावर, कोणाला कळता कामा नये, एवढ्यासाठी आम्ही दोघं नवरा-बायको गोदामामागच्या मैदानात ट्रकच्या केबिनमध्ये डोकं घालून बसलो होतो. पडावात हाकेच्या अंतरावर इलेक्ट्रिशियन. चहा पिता पिता कोणीही इंजिनाचं मीटर बसवून दिलं असतं. पण नाही! "तिथे गेलो की पहिला सवाल येणार, उस्ताद, आपको मीटर क्यों चाहिए? मग मी काय सांगू?" मी म्हटलं, सांगा की बायको डोकं खाते. ते काही अगदीच खोटं नव्हतं.

ट्रक आमचा स्वतःचा, एकच, आणि चांगलाच जुना. ह्यांचे पूर्वज दख्खनेतून फौजेबरोबर ग्वाल्हेरला आले. पुढे घोडे गेले, तलवारी गेल्या, आणि ह्या पिढीत हातात स्टिअरिंग आलं. पण पडावात ह्यांचं नाव होतं ते कानांमुळे. कोणाची गाडी कुरकुरायला लागली की हे लांब पेचकसाचं, स्क्रू ड्रायव्हरचं, टोक चालू इंजिनावर टेकवायचे, त्याची मूठ कानाला लावायचे आणि डोळे मिटायचे. मग म्हणायचे, "तिसऱ्या सिलिंडरचा वॉल्व्ह." उघडून बघावं तर तिसऱ्याचाच. मेकॅनिक लोकसुद्धा इंजिन खोलायच्या आधी ह्यांना बोलावून न्यायचे. लग्न नवीन असताना मी एकदा विचारलं होतं, अहो, ऐकता तरी काय तुम्ही? तर माझा हात ओढून तळव्यावर बोटाने ठोके देऊन दाखवले. चांगलं इंजिन असं, बिघडलेलं असं. मला मेलं दोन्ही सारखंच वाटलं. हे मात्र केवढे खूश झाले होते.

ऐकू कमी यायला लागलं तेव्हा आधी मला वाटलं, सगळे नवरे करतात तसंच हेही करतायत. मी म्हणायची दूध संपलं, हे म्हणायचे, हं, छान. मी भांडायची. मग एकदा झाशीहून येताना पाण्याच्या पंपाचा पट्टा तुटला, इंजिन तापून तापून हेड गेलं, आणि हे गाडी चालवतच राहिले. घरी आल्यावर म्हणाले, "आवाजच आला नाही गं." एवढंच बोलले आणि ताटावरून उठले. आवाजच आला नाही, हे ह्यांनी म्हणावं?

डॉक्टरने कानात घालायचं यंत्र दिलं. केबिनमध्ये ते यंत्र घातलं की म्हणे डोक्यात चक्की चालू होते. दोन-चार फेऱ्यांत ते माझ्या सेफ्टीपिनांच्या डब्यात जाऊन पडलं. मी म्हटलं, मग गाडी विकून टाकू. त्यावर ओरडले असते तर बरं झालं असतं. हे हळूच म्हणाले, "आणि मी काय करू? दाना ओलीच्या गल्लीत दारात बसून माश्या मारू?" नंतर दोन्ही वेळा नीट जेवले नाहीत. खरं सांगते, मला ट्रकची काळजी नव्हती. ट्रक गेला तर मागे हा माणूस उरायचा नाही, ह्या भीतीने माझा जीव थाऱ्यावर नव्हता. पुढच्या खेपेला इंजिनच गेलं तर नवं घालायची आमची ऐपत नव्हती, हे दोघांनाही माहीत होतं.

मीटरचं माझ्याच डोक्यातून निघालं. गाडीचे मूळचे काटे कधीच झोपलेले. ह्यांना त्याचं काय? मीटर नवशिक्यांना लागतं म्हणे! मी म्हटलं, आता डोळ्यांनी ऐका. कानांचं काम काट्याला द्या. चिडले, आणि एका दुपारी स्वतःच दोन मीटर पिशवीत घालून घेऊन आले. एक पाण्याच्या गरमीचं, एक ऑइलच्या दाबाचं. ऑइलचा काटा शून्यावर गेला की गाडी जागच्या जागी बंद करायची, नाहीतर लोखंडावर लोखंड घासून इंजिन मरतं, हे त्यांनी मला अगदी मास्तरासारखं समजावलं.

ऑइलच्या मीटरला इंजिनापासून एक बारीक तांब्याची नळी येते, तिच्यातून ऑइल थेट मीटरपर्यंत चढतं. मी टॉर्च धरला, ह्यांनी नळी भोकातून ओढून स्टिअरिंगशेजारी मीटरच्या पाठीला नटाने जोडली. "बाजूला हो, उजेड अडवतेस," म्हणून माझ्यावरच खेकसले. मीही खेकसले. गाडी चालू केली आणि काटा टुण्णकन वर गेला. अगं बाई! हे लहान मुलासारखे हसले. मी पदराने डोळे पुसले आणि धुळीचं निमित्त केलं.

पण मीटरमागच्या नटापाशी तेलाचा एक थेंब जमत होता. ह्यांनी पुसला, तो पुन्हा जमला. मग नट काढून पुन्हा हाताने बसवला, पण पान्याने कसायचा राहिला. एव्हाना ऊन कलायला आलं होतं, दिवस खंडेनवमीचा, आणि घरी शस्त्रपूजा. तलवारी नाहीत तेव्हा आमच्याकडे पाने, पेचकस, जॅक, सगळं घासून पुसून पाटावर मांडतात. घरी जाऊन हळदीकुंकू वाहून झालं आणि ह्यांना नट आठवला. नुसता हाताने पिळून ठेवलेला.

"अहो, एक पाना उचला आणि कसून या," मी म्हटलं.

"मांडलेलं शस्त्र उचलत नाहीत. उद्या सीमोल्लंघन करून आलो की उचलायचं. आमच्या घरात असंच आहे."

"तुमच्या घरात! मी काय पाहुणी आहे?"

"हाताने घट्ट केलाय. काही होत नाही."

देवाधर्माच्या गोष्टीत ह्यांच्यापुढे कोणाचं चालत नाही. मी हात टेकले.

दसऱ्याला ट्रक घेऊन शहराच्या हद्दीबाहेर जायचं, शमीच्या झाडाला हात जोडायचे, सोनं घेऊन परतायचं, हे आमचं दरवर्षीचं. केबिनमध्ये हे, मी, आणि ह्यांचा पडावातला दोस्त. तोही ड्रायव्हर, मोरेन्याकडचा, बिचारा आमच्यातलाच झालेला. ह्यांनी झेंडूची ही जाड माळ समोर बांधली होती, थेट नव्या मीटरांवरून. मीटरांनाही कुंकू लागलं होतं. दोस्ताने माळेखाली वाकून बघितलं आणि हसला, "भाऊ, ये कब से? उस्ताद के यहाँ मीटर!" हे रस्त्याकडे बघत होते. त्यांना ऐकू गेलं नाही. मी मोठ्याने हसून म्हटलं, मेरी ज़िद थी, भैया.

हद्द ओलांडली, आणि मला जळक्या तेलाचा वास आला. मग आवाज. मला काय कळतं इंजिनातलं, पण तो आवाज मलाही कळला. ठक, ठक, कोणी आतून हातोडी मारल्यासारखा. दोस्त ताठ झाला. "भाऊ! गाड़ी रोको!"

हे माझ्याकडे वळून म्हणाले, "यंदा झेंडू फार छान मिळाला, नाही?"

त्या क्षणी मला मरून जावंसं वाटलं. दोस्त ह्यांच्या तोंडाकडे बघत होता आणि त्याला सगळं कळत होतं. मी माळ हिसकून काढली. काटा शून्यावर. "अहो!" मी किंचाळले. हे गाडीच चालवत होते. मी त्यांच्या गुडघ्यावरून झुकून इंजिन बंद करायची मूठ खेचली, आणि स्टिअरिंग जड झालं तेव्हा कुठे ह्यांना कळलं. ह्यांनी गाडी कशीबशी कडेला घेतली. ह्यांच्या पँटवर, माझ्या नव्या साडीवर, फुलांवर, सगळीकडे काळं तेल. नट सुटून नळी लोंबत होती.

दोस्ताने त्याच्या पान्याने नट कसला. मागे ठेवलेल्या डब्यातलं ऑइल ओतलं. मग केबिनमधलं इंजिनाचं झाकण उचललं, खिशातून लांब पेचकस काढला आणि सवयीने ह्यांच्यापुढे धरला. "भाऊ, स्टार्ट करता हूँ. आप सुनो." आणि मग त्याची मान खाली गेली. हात तसाच पुढे राहिला.

ह्यांनी पेचकस घेतला. दोस्ताने गाडी चालू केली. ह्यांनी टोक टेकवलं, मूठ कानाला लावली, डोळे मिटले, अगदी पूर्वीसारखे. मी देवाला म्हणत होते, एकदाच ऐकू येऊ दे ह्यांना, फक्त आज. ह्यांनी डोळे उघडले.

"मुझे सुनाई नहीं देता, यार," हे म्हणाले. चांगलं मोठ्याने म्हणाले. आणि पेचकस माझ्याकडे केला. "तू ऐक."

"मला काय कळतंय त्यातलं?"

माझे ओठ बघून त्यांना समजलं असावं. त्यांनी स्वतःचा तळवा माझ्यापुढे उघडला. "जसं ऐकू येईल तसं दे."

मी मूठ कानाला लावली. बाप रे! केवढं जग होतं त्या लोखंडात. हे बोटाने दाखवत गेले, मी टोक सरकवत गेले, आणि दुसऱ्या हाताने त्यांच्या तळव्यावर ठोके देत गेले. हलका, हलका. पुढे सरक. हलका. पुढे. आणि तिथे तो आला, सगळ्यांत जड, माझ्या दातांपर्यंत पोचला. मी तसाच जोरात दिला. एकदा. पुन्हा.

"बस," हे म्हणाले. "बेअरिंग गेलं. बंद कर."

दोस्ताने गाडी बंद केली आणि खाली उतरून रस्त्याकडे तोंड करून उभा राहिला. इंजिन गेलं होतं, हे आम्हा तिघांनाही माहीत होतं. मी हात काढून घ्यायला लागले, तर ह्यांनी माझं बोट मुठीत धरून ठेवलं.

"अजून एकदा दे," हे म्हणाले.

इंजिन तर बंद होतं. मी त्यांचा तळवा उघडला आणि लग्न नवीन असताना त्यांनी शिकवलेलं चांगलं इंजिन मला आठवेल तसं देत राहिले.