वर्षाचे तांदूळ

मुलांनो, परवा रेवाने फोनवर विचारलं, "आजी, देशाच्या वाढीत शेतीचा वाटा काय, यावर मला निबंध लिहायचाय. तू बँकेत त्याच विभागात होतीस ना? चार पॉइंट्स सांग." मी लगेच सांगितले. फोन ठेवल्यावर लक्षात आलं, ती चारही वाक्यं माझी नव्हती. ज्यांची होती ते गेल्या वर्षी गेले. तुमच्यापर्यंत नुसती वाक्यं पोहोचू नयेत, म्हणून हे लिहिते आहे.

ते आमचे विभागप्रमुख. नाव लिहीत नाही, त्यांना आवडलं नसतं. चष्मा काढून शर्टाच्या टोकाने पुसायचा आणि "आधी पोट, मग पोलाद" म्हणायचं, की समजावं, आता साहेब समजावून सांगणार. मी नवी होते तेव्हा मलाही असंच सांगितलं होतं. "शेत चार गोष्टी देतं, बाई. शहराला अन्न, गिरणीला कापूस, कारखान्याला माणसं, आणि साबण-सायकल विकत घेणारं गिऱ्हाईक." मग हळूच, पण अभिमानाने म्हणाले, "यातली माणसं आमच्या घराने दिली." त्यांचे वडील मालवणकडच्या गावातून परळच्या गिरणीत आले होते.

बँकेच्या वार्षिक अहवालातलं शेतीचं प्रकरण तेच लिहीत, आणि मी त्यांचं इंग्रजी तपासत असे. एकदा एक तरुण अधिकारी म्हणाला, "सर, राष्ट्रीय उत्पन्नात शेतीचा वाटा घटत चाललाय. हे प्रकरण थोडं कापू या का?"

"वाटा घटला म्हणजे काम घटलं काय रे? तुझ्या आईचा पगार किती?"

"आई घरीच असते, सर."

"म्हणजे शून्य. मग काढ तिला रेशनकार्डावरून!"

सगळा विभाग हसला. प्रकरणाची एक ओळही कापली गेली नाही.

गावातलं त्यांचं शेत त्यांच्या धाकट्या भावाची बायको करत असे. भाऊ लवकर वारला, तिची मुलंही मुंबईला आली, आणि राहिली ती एकटी. दिवाळीनंतर ती साहेबांच्या मुंबईच्या घरासाठी वर्षाचे तांदूळ पाठवायची. लालसर, जाडे, पेंढ्याचा वास असलेले. पहाटे परळला खासगी बस थांबे, आणि साहेब स्वतः जाऊन पोतं टॅक्सीत घालून आणत. त्या आठवड्यात त्यांचा डबा आम्हा सगळ्यांच्या टेबलांवरून फिरायचा.

पुढे साहेबांची लालबागची चाळ पडली आणि तिथेच टॉवर उभा राहिला. स्वयंपाकघर सुनेकडे गेलं. नातवंडांना पाकिटातला लांब, पांढरा तांदूळ आवडू लागला. साहेबांना डॉक्टरांनी भातच बंद केला. पोतं बाल्कनीत पडून राही आणि पावसाळ्याच्या आत त्यात सोंडे होत. म्हणून एका वर्षी साहेबांनी ते आल्या आल्या, न उघडताच, खाली वॉचमनला दिलं. मग दर वर्षीच. गावाला मात्र फोन जात असे, "पोचले गो तांदूळ. यंदा गोडी काही औरच आहे."

हे मला ठाऊक होतं. त्यात मला काही वावगंही वाटलं नव्हतं. शहरातली घरं अशीच चालतात, असं वाटलं.

मग त्यांची भावजय मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी मुंबईला आली. मी फळं घेऊन भेटायला गेले. काळा चष्मा लावून ती सोफ्याच्या अगदी कडेला बसली होती, उठायला सोपं जावं म्हणून. लावणी करून करून कंबर अशी झाली होती, की उभी राहिली तरी नजर जमिनीकडेच. इतक्यात वॉचमन कुणाचं तरी पार्सल द्यायला वर आला. तिला पाहून त्याने भक्तिभावाने हात जोडले.

"गाँववाली माजी आप ही हैं? आपका चावल बहुत मीठा है, माजी. साहब हर साल पूरा बोरा दे देते हैं."

सून आत निघून गेली. साहेबांनी चष्मा काढला, पण पुसला नाही. मी हातातल्या मोसंब्यांकडे बघत राहिले. वॉचमन गेल्यावर ती शांतपणे म्हणाली, "कोणाच्या तरी पोटात गेले, बरां झालां. पण भावोजीनू, फोनार गोडी सांगलात, ती खंय चाखलात?"

"नको म्हटलं असतं तर तू लावणी थांबवली असतीस. शेत पडीक गेलं असतं."

"भात नको होतां, तर माका इतकी वर्सां चिखलात कित्याक वाकयलात?"

एवढी वर्षं शेतीवर लिहीत आलेल्या त्या माणसाने चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मी मोसंबी टेबलावर ठेवून उठले. साहेबांच्या त्या प्रकरणातली प्रत्येक ओळ मी तपासली होती. कारखान्याला माणसं दिल्यावर मागे शेतात कोण उरतं, हे मी एकदाही विचारलं नव्हतं. लिफ्टमध्ये आरसा होता. त्यात मला बघवेना.

ती गावी परतल्यावर तिकडून पोतं आलं नाही. दिवाळीनंतर साहेबांनी फोन केला, "यंदा पाठव. मी खाईन, डॉक्टर काही का म्हणेना." ती म्हणाली, "आता माझ्यापुरतांच केलंय, भावोजीनू." राग नव्हता आवाजात. राग असता तर बरं झालं असतं, असं ते मला म्हणाले.

त्यानंतर ते दादरच्या एका मालवणी दुकानातून लाल तांदूळ विकत आणायचे. दुपारी एकटेच मूठभर भात खायचे, मान खाली घालून, औषध घ्यावं तसा. "आधी पोट" हे मी त्यांच्या तोंडून पुन्हा ऐकलं नाही. शेवटी ते आजारी असताना मी भेटायला गेले, तेव्हा देशाबद्दल, अहवालाबद्दल काहीच बोलले नाहीत. एवढंच म्हणाले, "बाई, तिला विचारून तरी बघायला हवं होतं."

रेवा, ती चार वाक्यं निबंधात खुशाल लिही. ती खरी आहेत.

त्यांची भावजय अजून आहे. घराजवळचा एक लहानसा तुकडा ती दर पावसाळ्यात स्वतःपुरता लावते. बाकीच्या शेतात गवत आहे.